शस्त्रबंदीचा कायदा आणि सोलापूर

जानेवारी १९३० च्या अखेरीस महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’तून सरकारपुढे अकरा मागण्या मांडल्या. दारूबंदी, जमीनमहसुलात निम्म्याने कपात, लष्करी खर्चाला कात्री, मिठावरील कराची रद्दी वगैरे त्यांतील बहुतेक मागण्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात; आणि मिठाच्या मागणीने तर पुढे इतिहासच घडविला. परंतु यादीतील शेवटची, अकरावी मागणी क्वचितच कोणाच्या स्मरणात असते. लोकांच्या देखरेखीखाली, आत्मसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने मिळावेत, अशी ती मागणी होती. ज्याने हाती काठी घेतली ती केवळ चालण्याच्या आधारासाठी, त्या पुरुषाने बंदुकीचा परवाना मागावा, ह्यात वरवर पाहणाऱ्यास विसंगती वाटेल. त्यांनीच १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत असता, एका संबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राज्याचे सर्वांत काळे कृत्य होय, अशा आशयाचे उद्गार काढले होते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे विसंगती आणखीच वाढते.

माझ्या मते ती विसंगती नव्हेच. शस्त्रांच्या कायद्यावर आपल्याकडे सत्तर वर्षे जी तक्रार चालली होती, ती बंदुकीच्या नळीविषयी फारच थोडी आणि राज्यकर्त्याच्या नजरेविषयी फार मोठी होती. सरकार आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, नागरिक म्हणून की संशयित म्हणून, हा त्या तक्रारीचा गाभा होता. हा गाभा नजरेआड केला, तर ह्या प्रश्नाची अमेरिकेतील चर्चा आणि आपली चर्चा एकच आहे असा समज होतो. आणि मग दोन्हीही नीट कळत नाहीत.

कायद्याचा आरंभ १८५७ च्या धामधुमीत झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात शस्त्रे व दारूगोळा यांविषयीचा पहिला मोठा कायदा झाला आणि त्याची झळ दक्षिण महाराष्ट्राला ताबडतोब लागली. सोलापूरच्या दक्षिणेस, कृष्णेपलीकडे, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली म्हणून गाव आहे. तेथील बेरडांना हत्यारांची नोंद करून परवाना घेण्याचा हुकूम आला. बेरड ही शिकारी आणि शिपाईगिरी करणारी जात. तिला हत्यार म्हणजे निव्वळ उपजीविकेचे साधन नव्हते, तर बिरादरीतील पत होती. आज नोंद मागतात, उद्या हत्यारच मागतील, हे त्यांनी ओळखले, आणि ते ओळखणे चुकीचे होते असे पुढील इतिहास म्हणत नाही. त्यांनी हुकूम धुडकावला. नोव्हेंबराच्या अखेरीस घोडेस्वारांनी गावावर रात्री चाल केली, गाव जाळले, कित्येक जण मारले गेले आणि उरलेल्यांपैकी अनेकांना फासावर चढविण्यात आले. ह्या प्रसंगावर कानडी मुलखात पोवाडे झाले. पुढील वर्षी नरगुंदचे भास्करराव भावे उठले, त्यांच्याही मनात इतर दुःखांबरोबर तोफा हवाली करण्याचे दुःख होतेच. जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावास फाशी झाली. दत्तक नामंजूर झाल्याचे दुःख संस्थानिकाचे, हत्यार गेल्याचे दुःख बेरडाचे. परंतु दोघांनाही आपली अब्रू उतरविली जात आहे असे सारखेच वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरीही ते कायदे बंडाच्या काळचे होते. बंडाच्या काळात कोणतेही सरकार हत्यारे काढून घेईल, आणि त्यास फार दोष देता यावयाचा नाही. खरा प्रश्न उपस्थित होतो तो १८७८ साली. बंड होऊन वीस वर्षे लोटली होती, देश शांत होता. इतका शांत की १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात माणसे आणि गुरे तडफडून मेली, तरी कोणी सरकारी खजिन्यावर चालून गेले नाही. अशा वेळी लॉर्ड लिटनच्या सरकारने त्या एकाच वर्षी दोन कायदे केले: मार्चात देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि त्याच्याच पाठोपाठ शस्त्रांचा, म्हणजे १८७८ चा अकरावा कायदा. पहिला कायदा लॉर्ड रिपनने चार वर्षांत काढून टाकला. दुसरा मात्र ऐंशीहून अधिक वर्षे जगला. स्वराज्य येऊनही तो १९६२ पर्यंत अमलात होता. मुद्रणाचे स्वातंत्र्य परत देण्याइतके उदार असलेले रिपनसाहेबही बंदुकीपाशी येऊन थबकले, ही गोष्ट बोलकी आहे.

कायद्यात परवाना घ्यावा लागतो, एवढ्यावरून कोणास राग येण्याचे कारण नव्हते. राग होता तो सवलतींच्या यादीचा. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांस परवान्याची गरज नाही. काही राजेरजवाड्यांस आणि पदवीधारकांस नाही. कुर्ग प्रांतातील कोडगूंस तर जातीवरूनच नाही. उरलेल्या कोट्यवधी लोकांस मात्र कलेक्टरच्या मर्जीवाचून भालादेखील मिरवता येत नाही. म्हणजे एखादा बेकार गोरा खलाशी मुंबईच्या धक्क्यावर उतरला की तो विश्वासू, आणि पिढ्यान्‌पिढ्या वसूल भरणारा पंढरपूरचा देशमुख संशयित! गंमत अशी की त्याच सुमारास खुद्द इंग्लंडात १८७० च्या कायद्याने दहा शिलिंग भरले की कोणासही बंदुकीचा परवाना मिळे; तो कायदा मुळी कर वसूल करण्याकरिताच होता. ‘इंग्रजांचे स्वातंत्र्य’ ज्या पुस्तकांतून आमच्या कॉलेजांत शिकविले जाई, त्यांत १६८९ च्या हक्कांच्या सनदेचा गौरव असे, आणि त्या सनदेत प्रॉटेस्टंट प्रजेला संरक्षणासाठी शस्त्रे बाळगण्याची मुभा होती. तेथेही ती ‘प्रॉटेस्टंट’ प्रजेला होती, हे शब्द वाचताना मात्र आमचे पदवीधर थोडे घाईने पुढे जात. शस्त्राचा हक्क हा जेथे जेथे दिला गेला तेथे तेथे कोणाला तरी वगळूनच दिला गेला, ही एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. ठरावाची भाषा अगदी नेमस्त. लोक राजनिष्ठ आहेत, कायद्याने त्यांस त्रास होतो, तरी तो सुधारावा, एवढेच. शेते तुडविणारी रानडुकरे, गुरे नेणारे वाघ, रात्री येणारे दरोडेखोर यांचे दाखले नेहमी दिले जात, आणि ते खोटे नव्हते. श्वापदांनी आणि सर्पांनी मारलेल्या माणसांचे आकडे सरकार स्वतःच दरवर्षी छापीत असे. पण त्या दाखल्यांच्या आड जे सलत होते ते निराळे होते. ज्याच्या हाती शस्त्र दिले जात नाही त्याला पौरुष नाही, असे म्हणण्यास गोरे लोक मोकळे होत. आणि एकदा पौरुष नाही म्हटले की स्वराज्याची लायकी नाही म्हणण्यास उशीर लागत नसे. आधी हात बांधावयाचे आणि मग हात हलत नाहीत म्हणून हसावयाचे, असा तो प्रकार होता.

बरे, कायद्याने साधले तरी काय? वासुदेव बळवंत फडक्यांनी कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १८७९ मध्ये, रामोश्यांना घेऊन बंड उभारले. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यास रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, तीही पिस्तुलातूनच. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या नाटकगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला मारले ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून पेटीच्या चोरतळात दडवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. ज्याने प्राणावर उदार व्हावयाचे ठरविले, त्याला परवान्याचे कलम अडवू शकले नाही. अडला तो ज्याला कोणालाच मारावयाचे नव्हते असा शेतकरी. शस्त्रबंदीच्या विरोधकांचा हा युक्तिवाद आजही जगभर ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजण्यास सोलापूरचे १९३० चे दिवस पाहावे लागतात.

सोलापूर हे तेव्हा सव्वा लाखाच्या वर वस्तीचे गिरणगाव होते. गिरण्यांचे भोंगे, पद्मसाळ्यांचे माग, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच पेठेत. मे महिन्याच्या ५ तारखेस गांधींना अटक झाली आणि शहर पेटले. हरताळ, मिरवणुका, सभा; आणि दारूबंदीच्या चळवळीचा भाग म्हणून शिंदीची झाडे तोडण्यास लोक निघाले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूस अशाच जमावाची आणि पोलिसांची गाठ पडली. कलेक्टर नाइट तेथे हजर होते. गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला, आणि त्या दिवशीच्या गोळीबारात बळी पडलेला तो एकटाच नव्हता. मग मात्र जमावाला कोणी आवरू शकले नाही. मंगळवार पेठेतील पोलिस चौकीवर लोक चालून गेले, चौकी जाळली, पोलिस मारले गेले. न्यायकचेरीसही आग लावण्यात आली.

आता ह्या ठिकाणी हत्यारांचा हिशेब मांडून पाहावा. एका बाजूस बंदुका होत्या. दुसऱ्या बाजूस दगड, काठ्या आणि आग. १८७८ च्या कायद्याचे जे म्हणून काही फळ असेल ते येथे दृष्टीस पडते. गोळी झाडणाऱ्यास उलट गोळी येण्याची भीती नव्हती, म्हणून ती सहज झाडता आली, असे एक जण म्हणेल. जमावाच्या हाती बंदुका असत्या तर मंगळवार पेठेत प्रेतांचा खच पडला असता, आणि त्यांत बहुतेक सोलापूरकरच असते, असे दुसरा म्हणेल. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. आणि पोलिसही सोलापूरच्याच आसपासचे, पोटासाठी चाकरी धरलेले होते, हे हुतात्म्यांच्या पुण्यतिथीच्या भाषणांत बहुधा राहून जाते.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. ९ ते ११ मे ह्या दिवसांत सरकारी सत्ता शहरातून जवळजवळ मागे सरली. पोलिस रस्त्यांवर नव्हते. अशा वेळी लूटमार व्हावी, पेढ्या फुटाव्यात, असा सर्व शस्त्रबंदीवाल्यांचा सिद्धांत. झाले उलटेच: काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून रहदारीचे आणि बंदोबस्ताचे काम पाहू लागले. ज्या प्रजेवर भालासुद्धा मिरविण्याइतका विश्वास नव्हता, तिने काही दिवस का होईना, विनाशस्त्र एक शहर सांभाळले. इंग्रजी अमलाच्या वर्मी लागली ती जळालेली चौकी नव्हे. ती हीच गोष्ट असावी, असे मला वाटते. कारण जळालेल्या चौकीला उत्तर देण्यास फौजदारी कायदा पुरेसा होता. सरकारने १२ मे रोजी सोलापुरास लष्करी कायदा लावला आणि तो ३० जूनपर्यंत ठेवला. ह्या काळात बंदूक कोणाजवळ सापडते ह्याचा शोध दुय्यम ठरला. राष्ट्रीय निशाण घेऊन चालणे हाच मोठा अपराध झाला, आणि डोक्यावरील गांधी टोपीसुद्धा शिपायांच्या डोळ्यांत सलू लागली. टोपीला आणि निशाणाला परवाना लागत नव्हता, एवढेच काय ते सरकारचे दुखणे!

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांस पोलिसांच्या खुनाबद्दल १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. त्या खटल्यातील पुराव्यावर सोलापूरकरांचा विश्वास कधीच बसला नाही. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणाऱ्यांस त्यांची नावे ठाऊक आहेत. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत, हे कमी जणांस ठाऊक असेल. म्हणजे लिटनने एकाच वर्षी ज्या दोन वस्तूंस वेसण घातली, लेखणी आणि हत्यार, त्यांतील लेखणीच चौघांपैकी एकाच्या हाती होती.

ह्याच साली मार्चात कराचीस राष्ट्रसभा भरली आणि तिने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्ट नमूद होता. म्हणून स्वराज्य आल्यावर घटना समितीत हा प्रश्न निघणे अपरिहार्यच होते. १ आणि २ डिसेंबर १९४८ रोजी जेव्हा नागरिकांच्या स्वातंत्र्यांचे कलम चर्चेस आले, तेव्हा हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती सुचविली: कायद्याच्या नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही ह्या यादीत घालावा. कामत हे सनदी नोकरी सोडून आलेले. कराचीच्या ठरावाची आठवण त्यांनी सभेला करून दिली. ती आठवण अडचणीची होती. सतरा वर्षांपूर्वी ज्यांनी हा हक्क मागितला तेच आता तो देण्याच्या जागी बसले होते.

उत्तर देण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. परकीय सरकारने लोकांना निःशस्त्र केले होते म्हणून ती मागणी तेव्हा रास्त होती, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घ्यावे असे झाल्यास राज्य चालणार कसे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि त्यापुढे जाऊन, आग्रह धरावयाचा तर तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, प्रसंग पडल्यास शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे त्यांनी सुचविले. दुरुस्ती नामंजूर झाली.

ह्या उत्तरावर पुष्कळांनी टीका केली आहे की सत्ता हाती येताच मते बदलली. काँग्रेसपुरती ही टीका काही अंशी खरी असेल; आंबेडकरांपुरती ती खोटी आहे. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाला शस्त्राचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली त्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’च्या नव्या सिद्धांतापायी बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. १९४१ मध्ये बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे आंबेडकरांचा आग्रह होताच. ज्या समाजाला शस्त्र मिळाले ते केवळ राज्याच्या चाकरीतून, आणि ज्याच्या गावच्या पाटलाकडे मात्र शस्त्र राहत आले, त्याने ‘प्रत्येकास बंदूक’ ह्या घोषणेने हुरळून जावे कशासाठी? खेड्यात बंदूक प्रथम कोणाच्या माजघरात जाऊन बसेल, हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे. हा माझा तर्क आहे. सभेतील भाषणात हे शब्द नाहीत. परंतु हक्काऐवजी कर्तव्याचा शब्द त्यांनी का निवडला, ह्याचा दुसरा समाधानकारक उलगडा मला होत नाही.

अखेर घटनेत शस्त्रांचा उल्लेख आला तो उलट अंगाने: शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. शिखांच्या कृपाणाला धर्माच्या कलमाखाली जागा मिळाली, तेवढीच. अमेरिकेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क घटनेत आहे आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत बेकायदा बंदुकांच्या प्रकरणी बोलताना नेमका हाच फरक दाखवून दिला. आणि ज्यांनी आम्हांस निःशस्त्र केले त्या इंग्रजांचे काय झाले? पहिले महायुद्ध संपले, रशियात क्रांती झाली, आणि १९२० साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्याच लोकांवर बंदुकीच्या परवान्याचा कडक कायदा बसविला. हिंदुस्थानच्या रयतेविषयी जो संशय होता तो आता घरच्या कामगाराविषयी वाटू लागला. ‘जे पेराल ते उगवेल’ म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणण्यात सूडाचा आनंदच अधिक.

१९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. कातडीच्या रंगावरून सवलत देण्याची प्रथा संपली; परवाना नाकारल्यास कारणे नोंदवावी लागतात, वर अपील चालते; पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला कायद्यात जागा आहे. एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात ह्यावर १९८३ साली तीन ही मर्यादा आली, ती २०१९ मध्ये दोनवर उतरली. कामत यांची दुरुस्ती फेटाळली गेली म्हणून मला खेद होत नाही. परंतु १८७८ चा खरा दोष परवान्यात नव्हता, तो परवाना देणाऱ्याच्या मनात होता. आणि मन कायद्याने बदलते की नाही ह्याविषयी सोलापूरइतकी चांगली साक्ष दुसऱ्या कोणत्याही गावाची निघणार नाही.

कारण ह्याच शहरात, गिरण्यांच्या सावलीत, तारेच्या कुंपणाआड ‘गुन्हेगार जमातीं’ची वसाहत होती. कैकाडी, टकारी, भामटे, पारधी अशा जातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविलेली. त्यांची हजेरी घेतली जाई, पासावाचून त्यांस बाहेरगावी जाता येत नसे, आणि त्यांतील पुष्कळ जण गिरण्यांत साच्यांवर राबत. शस्त्राच्या कायद्याने सबंध देशाला जो संशय वाटून दिला होता, त्याचा हा गाळ. १९३० च्या मे महिन्यात शहर स्वातंत्र्याच्या घोषणांनी दुमदुमत असता त्या तारांकडे फारशी कोणाची दृष्टी गेल्याचे दिसत नाही. आणि आम्हां शिकलेल्या लोकांच्या घरांत त्या वस्तीविषयी जे बोलले जाई, ते लिटनसाहेब आपल्या सर्वांविषयी जे बोलत असतील त्याहून फारसे निराळे नव्हते. देशभर तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण निघाले, माणसे ‘विमुक्त’ झाली. त्यानंतरही चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोणत्या वस्तीकडे वळते, हे सोलापुरात कोणासही विचारावे.